मोरोपंत, स्पॅनिश आणि आमच्या घरची आर्या

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी हा विषय होता, पण तिसरा, आणि तोही मार्कांपुरता. त्यामुळे अंकाच्या मराठी विभागात माझं नाव बघून माझ्या विंगमधल्या निम्म्या मुली आधी हसतील, मग चुका शोधायला बसतील. शोधा! पण लेख शेवटपर्यंत वाचा, कारण यात एक चोरी पकडलेली आहे, आणि ती माझ्याच घरातली आहे.

गोष्ट सुरू होते स्पॅनिशपासून. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पुण्यात स्पॅनिशचा क्लास लावला होता. पुढे मास्टर्सला उपयोग होईल असं सगळ्यांना सांगितलं, खरं कारण म्हणजे घरी बसून कंटाळा आला होता. एक दिवस मॅडमनी 'खरं नसलेलं' यासाठीचे शब्द शिकवले. स्पॅनिशमध्ये याला एकच शब्द नाही. गोष्टीतलं, कादंबरीतलं पात्र असेल, म्हणजे ज्यात कोणाला फसवायचा हेतू नाही, तर ते 'फिक्तिसिओ'. कोणीतरी डोक्यातून काढलेलं, रचून सांगितलेलं असेल तर 'इन्बेंतादो'. आणि खोटी सही, खोटी नोट, खोटा कागद असेल तर 'फाल्सो'. वर पुन्हा 'कुएंतो' म्हणजे गोष्ट, आणि 'कुएंतो' म्हणजे थापही. आपण नाही का म्हणत, उगाच गोष्टी सांगू नकोस, तसंच.

होमवर्क असा होता की आपापल्या गावातल्या एखाद्या प्रसिद्ध माणसावर पाच वाक्यं लिहा, आणि त्यात हे शब्द वापरा. कोणी क्रिकेटपटू घेतला, कोणी नट घेतला. मला बारामतीचं कोण सुचणार? राजकारण नको म्हटलं. राहिले मोरोपंत. आणि मोरोपंतांबद्दल तर माझ्याकडे हुकमी पत्ता होता! कारण मोरोपंत आमच्या घरी राहून गेले होते.

म्हणजे तसं मी लहानपणापासून ऐकत आले होते. माझं आजोळ इंदापूर तालुक्यातलं, भिगवणच्या पुढे, भीमेच्या काठावरचं. आईचे वडील, आमचे आबा, सांगायचे की मोरोपंत एकदा पंढरपूरला चालले असताना आपल्या वाड्यात मुक्कामाला थांबले. तेव्हाच्या आपल्या पाटलांनी त्यांचा इतका पाहुणचार केला की निघताना पंतांनी घराण्यावर एक आर्या रचून दिली. तो कागद वाड्यात होता. पुढे उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमारास पाणी वर चढलं, गाव गेलं, वाडा गेला आणि कागदही गेला. आर्या मात्र आबांच्या तोंडात राहिली. ती मलाही पाठ आहे. सहावीत असताना याच विषयावर भाषण करून मी बक्षीस मिळवलेलं आहे. माझ्या दोन मामेभावांच्या लग्नपत्रिकेवर ती आर्या छापलेली आहे.

तर होमवर्कसाठी मी मोरोपंतांची माहिती काढायला बसले. पाच वाक्यांसाठी पाच पुस्तकं झाली, आणि माणूस भलताच आवडला. तुम्हालाही सांगते.

मोरोपंतांचं पूर्ण नाव मोरेश्वर रामचंद्र पराडकर. जन्म १७२९ चा, तोही बारामतीचा नाही, तर पन्हाळ्याचा. घराणं मूळचं कोकणातलं. वडील पन्हाळगडावर नोकरीला होते. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या विद्वान भावांकडे मोरोपंत संस्कृत शिकले. काव्य, व्याकरण, अलंकार असं सगळं पक्कं करून घेतलं. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर फाउंडेशन मजबूत होतं.

पुढे वडील बारामतीला बाबूजी नाईकांच्या पदरी आले आणि साधारण विशी ओलांडल्यावर मोरोपंतही बारामतीला आले. हे बाबूजी नाईक जोशी म्हणजे साधं प्रकरण नव्हतं. त्या काळातले बडे सावकार. खुद्द पेशव्यांना कर्ज देणारे, आणि पेशव्यांचे सोयरेसुद्धा, कारण बाबूजींचे भाऊ आबाजी नाईक हे थोरल्या बाजीरावाचे मेहुणे. बाजीराव १७४० मध्ये वारले तेव्हा पेशवेपद बाबूजी नाईकांना मिळावं म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी खटपट केली होती. ती जमली नाही. पण विचार करा, जमली असती तर मराठी राज्याचा कारभार कदाचित कऱ्हेच्या काठावरून चालला असता! नाईकांचा वाडा आपल्या बारामतीत कऱ्हेच्या काठी आहे. आपण गावात जातो ते चप्पल घ्यायला आणि वडापाव खायला. मीही दोन वर्षं तेच करत होते.

नाईकांच्या आश्रयाला मोरोपंत आले आणि आयुष्यभर इथलेच झाले. काम काय, तर वाड्यात पुराण सांगायचं आणि घरच्या मुलांना शिकवायचं. म्हणजे दिवसा नोकरी आणि उरलेल्या वेळात कविता. दरबारात जाऊन कोणाची स्तुती करायची, मोठं इनाम मिळवायचं, पुण्याला जाऊन नाव काढायचं, असला खटाटोप त्यांनी केला नाही. त्यांच्या हयातीत १७६१ चं पानिपत झालं, थोरले माधवराव आले आणि गेले, नारायणरावाचा खून झाला, बारभाईंचं कारस्थान झालं. एवढी उलथापालथ चालू असताना हा माणूस बारामतीत बसून मात्रा मोजत होता.

किती मोजल्या? मोरोपंतांची एकूण कविता पाऊण लाखाच्या घरात भरते असं मानतात. मी कॅल्क्युलेटर घेतला. बारामतीतली चाळीस वर्षं धरली तर रोजच्या पाच कविता झाल्या. सणवार नाही, आजारपण नाही, सुट्टी नाही! आपल्याला आठवड्याला एक जर्नल लिहून होत नाही.

यातलं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'आर्याभारत'. अख्खं महाभारत, अठरा पर्वं, मराठीत आर्यांमध्ये. सतरा हजारांच्या आसपास आर्या. व्यासांचं महाभारत लाखभर श्लोकांचं म्हणतात. ते एवढ्यात बसवायचं म्हणजे केवढं कॉम्प्रेशन! आणि गोष्ट कुठे तुटू द्यायची नाही.

आता आर्या म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, कारण पुढची चोरी त्यावरच पकडली गेली. आर्या हे मात्रांचं वृत्त आहे. लघू अक्षराची 1 मात्रा, गुरू अक्षराची 2. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर आघात आला की गुरू होतं, अनुस्वार असला तरी गुरू. पुस्तकातल्या नियमाप्रमाणे आर्येच्या चार चरणांत 12, 18, 12 आणि 15 मात्रा येतात. पण मोरोपंतांच्या आर्या मोजल्या की शेवटच्या चरणात बहुतेक वेळा 15 ऐवजी 18 मात्रा येतात. म्हणजे 12, 18, 12, 18. शास्त्रात याला 'गीती' म्हणतात. मराठी माणसं ज्याला कौतुकानं आर्या म्हणतात ती बहुतांशी गीती असते. मला हे कळलं तेव्हा एकदम परिटी बिट आठवला. डेटा पाठवताना शेवटी एक तपासणीचा बिट जोडतात, वाटेत काही बिघडलं तर तो लगेच चुगली करतो. वृत्ताचं तसंच आहे. कोणी एक शब्द बदलला, गाळला, घुसवला, की बेरीज चुकते.

जुन्या काव्यात असं मागाहून कोणीतरी घुसवलेलं असतं, त्याला मराठीत 'प्रक्षिप्त' म्हणतात. हा शब्द मला नवीन होता. मग मी यादीच करायला घेतली. आपल्याकडे या खोटेपणाला किती शब्द आहेत पाहा: काल्पनिक, कपोलकल्पित, बनावट, रचलेलं, प्रक्षिप्त, दंतकथा, आख्यायिका, भाकडकथा, थाप, लोणकढी थाप, बाता, पुडी. स्पॅनिशला आपण सहज हरवलं! आणि 'कादंबरी' हे तर बाणभट्टाच्या नायिकेचं नाव. त्याच्या संस्कृत ग्रंथाला तिचं नाव, आणि आपण पुढे त्या सगळ्या साहित्यप्रकारालाच ते देऊन टाकलं.

या यादीतल्या एका शब्दानं मोरोपंतांना फार छळलं आहे. तो शब्द 'कृत्रिम'. बऱ्याच टीकाकारांचं म्हणणं असं की मोरोपंत हे शब्दांचे कारागीर, खरे कवी नव्हेत. यमकं जुळवायची, लांबलचक संस्कृत समास घालायचे, अवघड करून ठेवायचं. मराठी साहित्यात संतकवी, पंतकवी आणि तंतकवी अशी वाटणी करतात. संत म्हणजे भक्तीचे, तंत म्हणजे डफतुणतुण्यावर गाणारे शाहीर, आणि पंत म्हणजे विद्वान. त्या पंतांतले हे शेवटचे मोठे पंत. एकोणिसाव्या शतकात विष्णुशास्त्री चिपळूणकरांना 'निबंधमाले'त मोरोपंतांची बाजू घेऊन लांबलचक लिहावं लागलं, यावरूनच वाद किती पेटला होता ते कळतं.

टीकाकारांना हत्यार मिळालं ते मुख्यतः रामायणांमुळे. मोरोपंतांनी 108 रामायणं लिहिली अशी त्यांची ख्याती आहे. 108 हा जपमाळेच्या मण्यांचा आकडा. प्रत्येक रामायणाला काहीतरी वेगळी अट. एखादं एका विशिष्ट वृत्तात, एखाद्यात मंत्राची अक्षरं ओळीओळीत गुंफलेली. आणि एक आहे 'निरोष्ठ रामायण'. निरोष्ठ म्हणजे ज्यात ओठाला ओठ लागत नाही. प, फ, ब, भ, म ही अक्षरं वापरायचीच नाहीत.

वाचताना मला आधी गंमत वाटली, मग एकदम लक्षात आलं. 'राम' या शब्दातच 'म' आहे! लक्ष्मण गेला, भरत गेला, मारुती गेला, बिभीषण गेला, कुंभकर्ण गेला. रामाचं नाव न घेता रामायण सांगायचं. राघव चालेल, दाशरथी चालेल, सीता आणि जटायू चालतील.

मी आणि माझ्या रूममेटनं मेसमध्ये हा खेळ करून पाहिला. ओठाला ओठ न लावता जेवण मागायचं. भाकरी नाही, पोळी नाही, भाजी नाही, आमटी नाही, भात नाही, पापड नाही, मीठसुद्धा नाही. उसळ, चटणी, ताक आणि कांदा एवढ्यावर जेवण झालं. पाणी मागता येईना म्हणून मावशींना जल द्या म्हटलं, तर त्यांनी ताप आलाय का विचारलं. परीक्षा, सबमिशन, प्रॅक्टिकल काहीच बोलता येत नाही. केटी मात्र बोलता येते! दहा मिनिटांत आम्ही हरलो. मोरोपंतांनी अख्खं रामायण केलं.

हे कृत्रिम आहे का? आहेच. पण हा माणूस कोणाला फसवत नव्हता. गोष्ट त्याची नव्हती, ती वाल्मीकींची, व्यासांची. गोष्ट सगळ्यांना माहीत, शेवट सगळ्यांना माहीत. त्यानं फक्त स्वतःवर नवे नियम लादून तेच नाव पुन्हा पुन्हा घेतलं. कोणी जपमाळ ओढतो, कोणी वारीला जातो, यानं रामायणं रचली. माझ्या मते तो त्याचा जप होता.

आणि ज्याला अजूनही शंका असेल त्यानं 'केकावली' वाचावी. मीही अर्थ लावत, दोन शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. मोरोपंत म्हणजे मयूर, आणि केका म्हणजे मोराची हाक. एकशेवीसच्या आसपास श्लोक, जवळजवळ सगळे पृथ्वी वृत्तात. प्रत्येक ओळीत 17 अक्षरं, लघुगुरूचा क्रम ठरलेला. उतारवयातलं हे काव्य. यात गोष्ट नाही, पात्रं नाहीत. एक म्हातारा माणूस देवासमोर उभा राहून आर्जव करतो, मध्येच भांडतो. अमक्याला तारलंस, तमक्याला तारलंस, मग माझ्याच वेळी उशीर का, असा हिशेब मागतो. आपले दोष कबूल करतो. पुष्कळ शाळांत प्रार्थनेला म्हणतात तो चांगल्या संगतीचं मागणं मागणारा श्लोक यातलाच आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी सांगितलेल्या माणसानं शेवटी स्वतःची गोष्ट सांगितली, आणि तीही अक्षरं मोजूनच सांगितली. कारण तोवर मोजणं हाच त्याचा श्वास झाला होता.

मोरोपंत १७९४ मध्ये चैत्रात, पौर्णिमेला, बारामतीलाच वारले. पासष्ट वर्षांचं आयुष्य. छापखाना त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या आर्या गावोगावी पोचल्या त्या कीर्तनकारांमुळे. कीर्तनात आख्यान रंगात आलं की मध्ये एक आर्या टाकायची आणि तिचा अर्थ फुलवत न्यायचा, अशी पद्धतच पडली. ज्ञानेश्वरांची ओवी, तुकारामांचा अभंग, वामनपंडितांचा श्लोक आणि मोरोपंतांची आर्या, अशी मराठी माणसानं चौघांची वाटणी करून ठेवली ती अजून मोडलेली नाही.

मोठ्या माणसाभोवती आख्यायिका जमतातच. सगळ्यात गाजलेली म्हणजे सोलापूरच्या राम जोशींची. हे शाहीर मोरोपंतांहून बरेच लहान, लावणीत आणि तमाशात रमलेले. पंतांची भेट झाली, पंतांनी त्यांची गुणवत्ता ओळखली, आणि राम जोशी डफ सोडून कीर्तनाकडे वळले, पंतांच्या आर्या घरोघरी पोचवू लागले, असं सांगतात. भेट कशी झाली, कोण काय म्हणालं, हे प्रत्येक सांगणाऱ्याचं वेगळं. १९४७ साली राम जोशींवर सिनेमाही आला. सिनेमा आला की चरित्र आणि गोष्ट यांच्यातली रेष आणखी पुसट होते. पण संत, पंत आणि तंत यांतले दोघे एकमेकांना मानत होते, हे लोकांना खरं असायला हवं होतं, म्हणून ते टिकलं.

आता आमच्या घरच्या आर्येकडे वळते.

मात्रा मोजायला शिकल्यावर माणूस गप्प बसत नाही. मी जाहिराती मोजल्या, मेसच्या सूचना मोजल्या, आणि एका रात्री सहज घरची आर्या मोजली. पहिला चरण 12. शाब्बास! दुसरा 20. तिसरा 12. चौथा 16. पुन्हा मोजलं. पुस्तकी आर्या धरली तरी जमेना, गीती धरली तरी जमेना. मोरोपंतांसारखा माणूस दोन मात्रा जास्त आणि दोन कमी ठेवून कागद देईल?

मग मी स्वतःची समजूत घातली. तोंडी चालत आलेली आहे, सव्वादोनशे वर्षांत एखादा शब्द घसरला असेल. सिग्नल खराब झाला म्हणून पाठवणारा खोटा ठरत नाही.

दुसरी शंका रस्त्याची. बारामतीहून पंढरपूरला जायचा सरळ रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा. बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. आमचं बुडालेलं गाव भीमेकाठी, म्हणजे केवढ्या आडवाटेला! पण तीही समजूत घातली. कोणी आग्रह केला असेल, वाकडी वाट केली असेल.

तिसऱ्या शंकेनं मात्र मी उठून बसले. त्या आर्येत आमच्या पाटलांच्या दातृत्वाला उपमा दिली आहे ती नीरेच्या कालव्याची. कालवा जसा रान भिजवतो तसा हा पाटील, असा अर्थ. लहानपणापासून म्हणत आले, कधी खटकलं नाही, कारण बारामती इंदापूर म्हटलं की नीरा डावा कालवा आणि ऊस हेच डोळ्यांसमोर येतं. पण तो कालवा इंग्रजांनी काढला, १८८० च्या दशकात. मोरोपंतांना जाऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती. मात्रा वाटेत घसरू शकतात, कालवा घसरू शकत नाही.

मला वाईट वाटलं हे खोटं कशाला बोलू. सहावीतलं बक्षीस आठवलं, मामेभावांच्या पत्रिका आठवल्या. होमवर्कच्या वहीत पाचवं वाक्य रिकामं होतं, त्यात 'इन्बेंतादो' लिहू का 'फाल्सो', हे ठरेना. ते रिकामं ठेवूनच मी आजोळी गेले.

मे महिना होता. उजनीचं पाणी खूप खाली गेलं होतं. अशा दिवसांत पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं, लोक बघायला येतात. आबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. संध्याकाळी अंगणात त्यांच्या बाजेवर बसून मी बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. कालव्याचं मी बोललेच नाही, धीर झाला नाही. आबा थोडा वेळ गप्प बसले. मग त्यांनी स्वतःच विचारलं की कालव्याचं लक्षात आलं नाही का तुझ्या.

म्हणजे त्यांना माहीत होतं! आर्या आबांचीच. गाव उठल्यावर, नवीन जागेत पत्र्याच्या खोलीत राहताना, एका लग्नाच्या बैठकीत पाहुण्यांनी विचारलं होतं की तुमच्या वाड्याचं आता काय राहिलं. आबांकडे दाखवायला काहीच नव्हतं. दगड पाण्यात, कागदांची पेटी सामान हलवताना हरवलेली. त्या रात्री त्यांनी बसून ती आर्या जुळवली, आणि दुसऱ्या दिवशी मोरोपंतांच्या नावावर सांगून टाकली. सातवी शिकलेला माणूस. आर्या कशी असते हे त्यांना कुठून ठाऊक? तर जुन्या वाड्यात एकादशीला कीर्तन व्हायचं, कीर्तनकार मोरोपंतांच्या आर्या म्हणायचे, आणि लहानपणी आबा खांबाला टेकून ऐकायचे. चाल कानात बसलेली होती, मात्रांचा हिशेब कोणी सांगितला नव्हता.

म्हणजे बघा, मोरोपंत आमच्या वाड्यात आले होते हे अगदीच खोटं नाही. ते पायांनी आले नाहीत, कीर्तनकाराच्या तोंडून आले. आणि मुक्काम असा केला की वाडा बुडाला तरी उठले नाहीत.

मी आबांना विचारलं की हे सगळं कॉलेजच्या अंकात लिहू का. मला वाटलं नको म्हणतील, घराण्याचं हसं होईल म्हणतील. आबा म्हणाले की लिही, पण पंतांचं नाव काढ आणि खाली माझं घाल. एवढ्या मोठ्या माणसाच्या नावावर चुकलेल्या मात्रा इतकी वर्षं ठेवल्या, याचंच त्यांना ओशाळं वाटत होतं.

मराठीत 'रचणे' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. कविताही रचतात, खोटंही रचतात. स्पॅनिश मॅडमनी सांगितलं होतं की फिक्तिसिओ, फिक्शन हे शब्द ज्या लॅटिन धातूपासून आले त्याचा मूळ अर्थ घडवणं, मातीला आकार देणं असा आहे. तिकडेही तेच. घडवणारा एकच, माती एकच. खाली नाव कोणाचं घातलंय, एवढाच काय तो फरक. मोरोपंतांनी व्यासांची गोष्ट सांगितली, पण व्यासांचं श्रेय लपवलं नाही, आणि मात्रा स्वतःच्या घातल्या त्यावर मयूर म्हणून सही केली. म्हणून ती कारागिरी कृत्रिम असली तरी खोटी नाही. आमची आर्या खोटी होती ती चुकीच्या सहीमुळे. सही बदलली आणि ती आबांची कविता झाली.

माझं पाचवं वाक्य मग लिहून झालं. मॅडमनी त्यात व्याकरणाच्या दोन चुका काढल्या, शब्द मात्र बरोबर दिला. कोणता ते ओळखा!

आता तुम्ही विचाराल की ती आर्या इथे का छापली नाही. कारण आबा अजून ती दुरुस्त करत आहेत. मी फोनवर मात्रा मोजून देते, ते शब्द बदलतात. दुसरा चरण 18 वर आला आहे. चौथ्यात अजून दोन कमी पडतात, आणि कालवा काढायला ते तयार नाहीत. आता तो राहिला तरी चालेल म्हणतात, कवी कालव्यानंतरचाच आहे.

पुढच्या अंकापर्यंत जमेल बहुतेक. तोवर एकदा कऱ्हेकाठी जाऊन नाईकांचा वाडा बघून या. आणि रात्री जेवताना मेसमध्ये ओठ न लावता भाकरी मागून बघा.